आतलं खाचर आधी

या, जरा पुढं सरका माउली. भिंतीला टेकून बसलं की डोळा लागतो, हे मी कीर्तनात आयुष्यभर बघत आले आहे. चपलांची काळजी नको, त्या कुणी नेत नाही. नेल्याच तर आमच्या शंभूला विचारा, त्याचा कुणावर ना कुणावर संशय असणारच. आज तुम्हाला एक गोष्ट सांगते. तिच्यात राजा नाही, राणी नाही. एक पावर टिलर आहे, एक बाई आहे आणि दोन सॉफ्टवेअरं आहेत. हसा खुशाल. पण बुवा काय म्हणतात, दृष्टांत कशाचाही चालतो, ऐकणारा तेवढा जागा पाहिजे.

आमचं गाव माले. रस्ता आणि ओढा यांच्या मधल्या उतारावर आमची भाताची खाचरं. त्यातली तीन तेवढी ध्यानात ठेवा. रस्त्याला लागून शंभूचं. त्याच्या आत रत्नाबाईचं. आणि तिच्याही आत, अगदी ओढ्याच्या काठाला, कोंडाजीरावांचं. मधले बांध असे अरुंद की शेळीसुद्धा पाय टाकताना विचार करते. पावसाळ्यात ओढ्याच्या बाजूनं येण्याची सोय नाही. म्हणजे यंत्र आत न्यायचं तर शंभूच्या खाचरातूनच न्यायचं, दुसरी वाट नाही.

लावणीच्या आधी खाचरात पाणी धरून माती फिरवतात, लोण्यासारखी करतात. तिला चिखलणी म्हणतात. मग बायका रोपं लावतात. एकदा रोपं लागली की त्या खाचरातून यंत्र जात नाही. म्हणून आमच्याकडं आतलं खाचर आधी, मग त्याच्या अलीकडचं, रस्त्याकडचं शेवटी. आपण फरशी पुसताना कोपऱ्यातून दाराकडं येतो, तसंच. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही आणि कुणी कधी बोलूनही दाखवलेलं नाही. भात उजव्या हातानं खायचा हे कोण बोलून दाखवतं?

आता रत्नाबाई. माझी शेजारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी स्नेहल पुण्यात ऑफिसात आहे, रविवारी येते, आईला नवा मोबाइल देऊन जाते आणि तो कसा वापरायचा ते सांगायचं विसरते. कोंडाजीराव रत्नाबाईचे चुलत दीर. दोघांची आतली खाचरं एकाच सातबाऱ्यावर, सामाईक, विकायची तर दोघांच्याही सह्या लागतात. ओढ्याच्या काठाला बंगले बांधू म्हणणारा एक बंगलेवाला दोन वर्षं चकरा मारत होता. त्याला घ्यायची तर दोन्ही खाचरं एकत्र हवीत. कोंडाजीरावांनी वहिनीपाशी गोष्ट काढली आणि ती चिडली. विठ्ठलाच्या देवळातच, आरती नुकती झालेली, आम्ही चारचौघी उभ्या होतो. ती म्हणाली, "भावजी, माझं खाचर पिकतंय तवर सहीचं नाव काढायचं न्हाई. ज्या वर्सी पडीक ऱ्हाईल त्या वर्सी बोलवा, येऊन सही करते."

"शब्द?" कोंडाजीराव म्हणाले.

"ह्यो उभा हाय ना विटंवर, त्याच्याम्होरं बोलली. आनखी काय शब्द?"

तेव्हा रागाच्या भरात ते शोभून दिसलं. पण देवापुढचा शब्द म्हणजे फोनमधला मेसेज नव्हे, नंतर पुसून टाकायला. एक वर्ष जरी ते खाचर ओसाड राहिलं असतं तरी रत्नाबाईनं स्वतःहून जाऊन सही केली असती. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

पावर टिलर म्हणजे चिखलणीचं यंत्र, आमच्या शेतकरी गटाचा, सगळ्यांनी मिळून घेतलेला. कोंडाजीराव गटाचे अध्यक्ष. पाळी कुणाची कधी, ते तेच तोंडानं सांगायचे. गावापुरतं होतं तोवर चाललं. मग बाहेरूनही मागणी यायला लागली. मुठा गावचे ओळखीचे, घोटावड्याचे पाहुणे. फोनवर फोन. एकाला सांगितलेली पाळी दुसऱ्याला. आणि जिथं पाळी चुकते तिथं संशयाला पाय फुटतात. शंभू देवळाच्या पायरीवर बसून म्हणायचा, "कोंडातात्याचा फोन लागला तर आपली पाळी, न्हाई लागला तर त्याच्या पावन्याची."

शेवटी ठरलं की पाळी मोबाइलवर लावायची. सॉफ्टवेअर आणायचं.

आणायचं, पण कुठलं? एक होतं तयार, बाजारात मिळणारं. ते घेऊन शेखर नावाचे एक गृहस्थ पुण्याहून यायचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. दुसरं आमच्यासाठी मुद्दाम बनवलेलं. ते बनवत होता निषाद. हा यवतमाळकडचा मुलगा, हिंजवडीच्या कंपनीत कामाला. घरून काम करायची मुभा होती म्हणून शहराचं भाडं वाचवायला इकडं येऊन राहिलेला. पोरगा गुणी. आमच्या भजनात मागं बसून टाळ धरायचा, ताल चुकला की स्वतःच जीभ चावायचा. बनवून देतो म्हणाला, मला काही नको, रविवारी नुसता बसूनच असतो. पण तो राहायचा कुठं, तर कोंडाजीरावांच्या माडीवरच्या खोलीत. सगळं घोडं तिथंच अडलं.

आता कीर्तनाचंच घ्या. स्पीकरवर लावलेलं कीर्तन असतं, त्याला समोर कोण बसलंय याचं सोयरसुतक नसतं. लग्न असो, मयत असो, तेच चालू. आणि एक असतात समोर उभे राहिलेले बुवा. ते आधी सभामंडपात नजर फिरवतात. म्हाताऱ्या जास्त दिसल्या की एक दृष्टांत, तरणी पोरं दिसली की दुसरा. म्हणून तर आपण पाऊस असला तरी जातो. पण माउली, जे बुवा समोर कोण बसलंय ते बघतात, ते पाकीट कोण देणार आहे तेही बघत असतील, असं एखाद्याच्या मनात आलं तर त्याला दोष कसा द्यायचा? आमच्या गावाच्या मनात नेमकं तेच आलं.

सभा देवळातच भरली. निषादनं लॅपटॉप उघडून विठ्ठलाकडं पाठ होणार नाही असा तिरका ठेवला. पडद्यावर पाळ्यांची यादी आली. सगळे वाकून बघायला लागले.

शंभू म्हणाला, "मला चष्मा न्हाई. पयलं नाव वाच."

निषादनं वाचलं, "कोंडाजीराव."

"दुसरं?"

"तेही काकांचंच. रस्त्याकडचं खाचर."

वाकून बघणारे एकेक करून सरळ झाले.

"अरे वा," शंभू म्हणाला. "दोन्ही पाट त्यांचेच. आमी पत्रावळ्या उचलायला."

कोंडाजीरावांचं रस्त्याकडं आणखी एक मोठं खाचर होतं, ते शेवटी यायला हवं होतं. निषाद एक शेतकरी म्हणजे एक जमीन असं धरून चालला होता, म्हणून आतल्या खाचराबरोबर बाहेरचंही वर चढलं. साधी चूक. पण ती सांगायची कशी, ते त्या पोराला कळलं नाही. कान लाल करून तो म्हणाला, "मी काकांनी जसं सांगितलं तसंच बसवलंय."

संपलं. तेवढंच वाक्य पुरलं.

"त्येच म्हनतोय आमी. काकांनी सांगितलं, तू बसवलंस," शंभू म्हणाला. "भाडं बी त्येच्यातच वळतं व्हतंय का?"

"शंभू, तोंड सांभाळ," कोंडाजीराव म्हणाले.

"सांभाळतोय की. पाळीच तेवढी सांभाळता येत न्हाई."

निषाद शंभूला म्हणाला, "काका, ही चूक आहे, मी दुरुस्त करतो. आठवडाभरात होईल."

"आज दुरुस्त करशील, उद्या परत बिघडवशील. चावी तुज्याच हातात ना? आनि तू कुनाच्या घरात?"

मग शेखर पुढं झाले. त्यांनी आपला लॅपटॉप लावला. रंगीत चौकोन, एका बोटानं सरकणारे. म्हणाले, दवाखाने हेच वापरतात, सलूनवाले हेच वापरतात, गाड्या धुणारे हेच वापरतात. ज्यानं आधी नोंदवलं त्याला आधी, विषय संपला. "आणि आमच्यात कुणीही एकटा माणूस काही बदलू शकत नाही. अध्यक्षसुद्धा नाहीत. मीसुद्धा नाही."

मागून निषादनं विचारलं, "आणि गावाला खरंच काही बदलायचं असेल तर?"

"कंपनीकडे विनंती पाठवायची. पुढच्या अपडेटला विचार होतो."

"म्हणजे होईलच असं नाही."

"लई बेस," शंभू म्हणाला. "बदलताच येऊ नये कुनाला. आमाला असंच पायजे."

शेखरनी वहीत लिहायचा आव आणून विचारलं, "तुमचे इथले काही खास नियम आहेत का पाळीचे?"

आणि इथं बघा गंमत. सगळं गाव बसलेलं. उभा जन्म आतलं खाचर आधी करत आलेली माणसं. एकाच्या तोंडून ते निघालं नाही. नियम म्हटल्यावर त्यांना वाटलं, पावती, सही, शिक्का असलं काहीतरी. चालताना आधी कुठला पाय टाकता, असं विचारल्यावर माणूस गप्प बसतो तसे सगळे गप्प. शंभूच म्हणाला, "नियम कसले. जो आदी सांगंल त्याला आदी. गरीब न्हाई, श्रीमंत न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. कोंडाजीरावांनी तोंड उघडलं, शंभूकडं बघितलं आणि पुन्हा मिटलं. ते मी पाहिलं.

मग रत्नाबाई उठली. पदर सावरून शेखरना म्हणाली, "मी एक इचारू का? हे तुमचं जे हाय, त्येला आमच्यातलं कोन वळखतं?"

"कोण, सॉफ्टवेअर?" शेखर हसले. "नाही मावशी. त्याला कुणीच माहीत नाही."

"कुनाचं घर, कुनाचा दीर, कुनाची भावजय, कायबी?"

"काहीही नाही. त्याच्या लेखी सगळे सारखे."

"मग हेच घ्या," रत्नाबाई म्हणाली. "मला घरचं नको. घरच्यांचं बघून झालं."

कोंडाजीरावांनी मान खाली घातली. हात वर झाले ते तयार सॉफ्टवेअरसाठीच. निषादनं लॅपटॉप मिटला, विठोबाला नमस्कार केला आणि त्या दिवशी भजनाला थांबला नाही. त्याचा टाळ खुंटीवर तसाच राहिला.

पुढं पाऊस लागून राहिला, खाचरं भरली, रोपं हाताला आली. नोंदणी सुरू झाली त्या सकाळी शंभू फोन मांडीवर घेऊन बसला होता, जात्यात दाणे टाकावे तशी बोटं टाकत. त्याचा पहिला नंबर लागला. रत्नाबाईचाही लागला, मीच लावून दिला, शंभूच्या नंतरचा. तिच्या फोनवर मेसेज आला, "आपली वेळ निश्चित झाली आहे. येताना जुने रिपोर्ट सोबत आणावेत."

"कसले रिपोर्ट गं आक्का?" ती मला म्हणाली.

"दवाखान्याचं असणार ते. तसंच आलंय."

"आसू दे. भाताला काय रोग न्हाई माज्या." आणि ती हसली. निर्धास्त होती. फोनवर तारीख आली म्हणजे ती येणारच, अध्यक्ष कुणी असो.

टिलर शंभूच्या खाचरात फिरला. यंत्र निघालं की मागोमाग आम्ही बायका उतरतो, ती आमची रीत. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं, अशी सावड असते आमची. त्या दिवशी रत्नाबाई माझ्या डाव्या बाजूला होती. कमरेत वाकून, पाठीवर पावसाचं इरलं, तोंडानं गाणं. हात आपोआप चालतात. इतकी वर्षं शंभूचं खाचर म्हणजे शेवटचं खाचर, ते झालं की घरी जायचं, हे हाताला पाठ. डोक्याला फोनमधली तारीख पाठ. दोघांची गाठच पडली नाही.

शेवटची ओळ लावून ती रस्त्याकडच्या बांधावर चढली, पाठ सरळ केली आणि वळून बघितलं. मीही बघितलं. पुढं शंभूचं हिरवं खाचर, त्याच्या पलीकडं तिचं, नुसतं पाणी. आणि मध्ये वाट नव्हती. ती आम्हीच, आमच्याच हातांनी, रोपारोपानं बुजवली होती.

"आक्का," ती म्हणाली, "माझं कुटनं करायचं?"

मी हातातली उरलेली जुडी बांधावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला राजू टिलर घेऊन आला. राजू म्हणजे गटाचा चालक. रस्त्यावर इंजिन बंद करून हँडलवर हात ठेवून उभा राहिला. "काकू, नेऊ कुटनं?"

मी शेखरना फोन लावला. ते भले माणूस, लगेच उचलला. सगळं ऐकून म्हणाले, "मावशी, आमच्याकडे जागेचा क्रम असा प्रकारच नाही हो. दवाखान्यात पेशंट आतल्या बाकावर बसलाय म्हणून आधी आत जात नाही ना." विनंती पाठवतो म्हणाले. तेवढ्यात रत्नाबाईच्या फोनवर मेसेज, "आपण गैरहजर असल्याने आपली वेळ रद्द झाली आहे." आणि त्याच्यामागोमाग दुसरा, "आमची सेवा कशी वाटली?" खाली पाच चांदण्या.

गैरहजर. ती तिथंच उभी होती, चिखलात, सकाळपासून.

बातमी पसरली तसे लोक जमले आणि बोलायला लागले. बोलणं हळूच, पण ऐकू जाईल असं. हे आपोआप कसं झालं? शंभूनं पहिला नंबर लावला तो काय उगाच? सभेत 'जो आधी सांगेल त्याला आधी' कोण म्हणालं होतं? आणि कोंडाजीराव त्या दिवशी गप्प का बसले? बंगलेवाला परवाच येऊन गेला म्हणे. वरवर भांडायचं आणि आतून हातमिळवणी करायची, अशी माणसं काय कमी असतात? एकजण तर म्हणाला, ते खोलीतलं पोरगं मुद्दामच चुकलं असेल, लोक दुसरीकडं वळावेत म्हणून. संशयाचं असं असतं माउली, एकदा दिवा म्हणून हातात धरला की ज्याच्यावर उजेड पाडाल तो काळाच दिसतो.

कोंडाजीराव आले तशी रत्नाबाई त्यांच्यासमोर गेली.

"भावजी, तुमाला म्हाईत हुतं. त्या सभंत तुमचं तोंड उगाडलं हुतं, मला आक्कानं सांगितलं. का बोलला न्हाई?"

"बोलून काय झालं असतं वयनी?" ते म्हणाले. "आतलं आदी करा म्हनलो असतो, तर आत कोन हाय? मी. दोन्ही पाट माजेच म्हनून तवाच बोंब झाली हुती. तूच म्हनालीस, घरचं नको."

"आनि पडीक ऱ्हायलं म्हंजे सही भेटती, ते ध्यानात नव्हतं तुमच्या?"

कोंडाजीरावांनी मान वळवली. ओढ्याकडं बघत राहिले. आजही मला सांगता येणार नाही की सभेतल्या त्या गप्प बसण्यात काय होतं. अपमान होता की हिशेब होता.

रत्नाबाईची रोपं कडेच्या वाफ्यात ताटकळली होती. शेंडे पिवळे व्हायला लागलेले. टिलर संध्याकाळी मुठ्याला जाणार होता, तिकडची नोंदणी झालेली, आणि तिथून पुढं कुठं कुठं. परत येईपर्यंत ती रोपं गवत झाली असती. तिनं मला हळूच विचारलं, "आक्का, देवाला बोललेला शबूद माघारी घेता येतो का गं? बुवा काय सांगत्यात?"

"बुवा काही सांगत नाहीत त्यावर," मी म्हणाले.

तेवढ्यात शंभू आला. बाजूच्या माणसांची कुजबुज थांबली, म्हणजे तो काय समजायचं ते समजला. एकेकाच्या तोंडाकडं बघत गेला. जन्मभर त्यानं दुसऱ्यांवर जी नजर टाकली, ती आज सगळे मिळून त्याच्यावर टाकत होते, आणि ती त्याला ओळखीची वाटली असणार.

"काय चाललंय?" तो म्हणाला.

माणसं पायाखालचा चिखल बघायला लागली.

"बोला की. शंभूनं वाट अडीवली, असंच ना?"

"आमी कुटं काय म्हनलो," मागून कुणीतरी म्हणालं.

"न्हाई म्हनला, पन उद्या म्हनाल. दिवाळीत म्हनाल. माज्या माघारी माज्या पोरांना म्हनाल, तुमच्या बापानं बाईमानसाचं रान खाल्लं." त्यानं धोतर वर खोचलं. "मी तसलं कायबी आयकून घ्यायचा न्हाई."

आणि तो आपल्याच खाचरात उतरला. कालच लावलेली, अजून पाती आडवी पडलेली रोपं मुठीनं उपसायला लागला. टिलरच्या रुंदीएवढा पट्टा, रस्त्यापासून सरळ रत्नाबाईच्या बांधापर्यंत. वाकून, शिव्या देत. शिव्या कुणाला ते कळत नव्हतं. शेखरना, कोंडाजीरावांना, मोबाइलला, पावसाला, थोड्या आम्हालाही. लावलेलं भात उपसायचं म्हणजे ताटातला घास बाहेर काढण्यासारखं. आमच्यापैकी कुणी ते कधी केलं नव्हतं.

मग मी उतरले, माझ्यामागं बाकीच्या. रोपं जुड्या बांधून बांधावर ठेवायला लागलो. रत्नाबाई उतरायला लागली तसा शंभू ओरडला, "तू न्हाई. तू तितंच थांब. न्हाईतर म्हनशील, मीच माजी वाट केली."

पट्टा मोकळा झाला. राजूनं टिलर हळूहळू आत घातला. रत्नाबाईच्या बांधावर जाऊन थांबला आणि मागं बघितलं. "पयलं कुनाचं? दिस एकाच खाचरापुरता हाय. तात्यांचं आतलं केलं तर काकूंचं ऱ्हातंय. काकूंचं केलं तर तात्यांचं कायमचं आडलं."

रीतीप्रमाणं आतलं आधी. म्हणजे कोंडाजीरावांचं. ते तसं म्हणाले असते तर कुणाला बोलता आलं नसतं. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

"वयनीचं करा," कोंडाजीराव म्हणाले.

रत्नाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. आभार मानायचे सोडून ती म्हणाली, "का?"

"आगं, का काय का? करा म्हनतोय ना."

"न्हाई, पर का? तुमचं पडीक ठेवून काय साधतंय तुमाला?"

"ह्या बाईला देव जरी भेटला तरी इचारंल, कुनी धाडलं," कोंडाजीराव म्हणाले आणि रस्त्याला लागले. गुडघ्यापर्यंत चिखल नसलेले त्या दिवशी तेवढे एकच होते, पण चालताना सगळ्यात जड तेच वाटले मला.

टिलर फिरला. बाहेर पडताना शंभूच्या पट्ट्यातला चिखल पुन्हा फिरवून राजू मुठ्याकडं गेला. आम्ही आधी रत्नाबाईचं खाचर लावलं, आणि उजेड होता तोवर शंभूचा पट्टाही. तीच उपटलेली रोपं परत मातीत. शंभू बांधावर उभा राहून ओळी मोजून घेत होता, एखादी जुडी कुणी लांबवते की काय म्हणून.

पुढं भात वाढलं. कोंडाजीरावांचं आतलं खाचर त्या वर्षी ओसाड राहिलं, त्यात लव्हाळं माजलं. दसऱ्याच्या आसपास शंभूचं खाचर पिवळं व्हायला लागलं, पण तो पट्टा काही होईना. दोनदा लावलेली रोपं ती, मागं राहिली. सगळीकडं सोनं आणि मधून एक हिरवी वाट, रस्त्यापासून थेट रत्नाबाईच्या आंबेमोहरापर्यंत. येणारेजाणारे गाडी थांबवून विचारायचे, इथं दोन जातींचं भात लावलंय का?

बंगलेवालाही आला. रस्त्यावर उभं राहून त्यानं बघितलं. ओढ्याकाठचा कोंडाजीरावांचा तुकडा पडीक, पण मध्ये रत्नाबाईचं उभं पीक. कोंडाजीराव त्याला म्हणाले, "बाईचं पिकलंय. पिकतंय तवर बोलायचं न्हाई, आसं ठरलंय आमचं." तो गेला. आता यावर गावात दोन मतं आहेत. कुणी म्हणतं, कोंडाजीरावांना विकायचंच नव्हतं, म्हणून स्वतःचं ओसाड ठेवून वहिनीचं पिकवलं. कुणी म्हणतं, एवढा साधा नाही तो, भाव वाढायची वाट बघतोय. रत्नाबाई दुसऱ्या मताची. पण नव्या तांदळाचा पहिला भात तिनं त्यांच्याकडं वाटीतून पाठवला, आणि वाटी परत आली ती रिकामी नव्हती, चार लिंबं होती. तिनं ती हुंगून बघितली आणि मगच घेतली.

निषादला कंपनीनं परत बोलावलं. हिंजवडीला खोली घेऊन राहिला. यंदा उन्हाळ्यात सप्ताहाला आला, मागं बसला, खुंटीवरचा तोच टाळ काढला. कीर्तन उरकल्यावर पारावर पुन्हा पाळीची गोष्ट निघाली. तयार सॉफ्टवेअरच्या कंपनीकडं केलेली विनंती अजून विचाराधीन होती. निषाद म्हणाला, त्याचं दुरुस्त करून तयार आहे. आता शेतकऱ्याच्या नावानं नाही, खाचराच्या जागेनं पाळी लागते. वाट कुठून कुठं जाते ते त्यानं प्रत्येकाला वेगवेगळं विचारून घेतलं होतं, एकट्या कोंडाजीरावांना नाही.

लोकांनी शंभूकडं बघितलं.

शंभूनं विडी विझवली. "तू आता कुनाच्या खोलीत ऱ्हातोस?"

"हिंजवडीला, काका. तुमच्यापैकी कुणाच्याच नाही."

"मालक कोन?"

"साताऱ्याकडचे कुणीतरी आहेत."

"त्येंचं हिकडं रान न्हाई ना?"

"नाही."

"मग आन तुजं ते," शंभू म्हणाला. मग विझलेली विडी कानावर ठेवत, "पर उद्या तू लांब गेलास, मुंबईला न्हाईतर बाहेरदेशी, आनि एखादा बांध हिकडचा तिकडं झाला, तर दुरुस्त कोन करनार?"

निषाद हसला नाही. "खरं सांगू काका, याला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. तुमच्यातल्या कुणाला तरी शिकवून ठेवतो."

"कुनाला?" शंभूनं लगेच विचारलं. आणि पारावर बसलेले सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तो विषय अजून मिटलेला नाही. मिटेल असं मला वाटतही नाही. परक्याला आपली वाट ठाऊक नसते, आणि ज्याला ठाऊक असते तो कुणाचा ना कुणाचा तरी असतो. विठ्ठल तेवढा कुणाच्या खोलीत राहत नाही, पण तो पाळ्या लावत नाही.

एवढीच गोष्ट. उठा आता, पाय मोकळे करा. आणि एक करा माउली माझ्यासाठी. कधी माल्याच्या रस्त्यानं जाल, डाव्या हाताला भात दिसेल, तेव्हा घटकाभर शंभूची आठवण काढा. त्यानं जन्मात कुणावर विश्वास ठेवला नाही, पण लावलेलं स्वतःचं रान स्वतःच्या हातानं उपसून शेजारणीला वाट दिली. फक्त त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. विचारेल, माझीच आठवण का काढली, तुम्हाला कुणी सांगितलं.